स्कॉटलंड वेगळा झाला तर खोदणाऱ्यांचं काय?

नमस्कार मंडळी, आज जरा लांबचा विषय घेतलाय, स्कॉटलंडचा. सप्टेंबर 2014 मध्ये तिथे मतदान झालं, ब्रिटनमधून बाहेर पडायचं की नाही, 55 टक्के लोक नाही म्हणाले, 45 टक्के हो, पण विषय काही मिटलेला नाही. मला त्यात काळजी वाटते ती एका छोट्या धंद्याची, पैसे घेऊन पुरातत्त्वाचं उत्खनन करणाऱ्या कंपन्यांची.

तिकडची पद्धत अशी की बिल्डर असो नाहीतर काउन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, जमिनीखाली जुनं काही असेल असं वाटलं तर परवानगीतच अट येते, आधी खोदून तपासा आणि खर्च तुमचा. कार्नुस्टी गावात फुटबॉलची दोन मैदानं करायची होती, माती काढली तर सहा हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी घराच्या खांबांचे खड्डे निघाले, तब्बल 35 मीटर लांब घर! शिवाय कांस्ययुगातली तलवार आणि सोन्याची पट्टी बसवलेलं भाल्याचं पातं, त्याला गुंडाळलेल्या कातड्याचे अवशेषसुद्धा टिकलेले.

आता स्कॉटलंड वेगळा झाला तर कायदा बदलेल का? मला नाही वाटत फारसा बदलेल, कारण वारसा आणि बांधकाम परवानगी हे विषय आधीपासूनच एडिनबराच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या स्वतःच्या संसदेच्या, हातात आहेत. आणि आपलंच बघा ना, गुप्तधनाचा 1878 चा कायदा इंग्रजांनी केला, दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवा म्हणून, आणि स्वातंत्र्यानंतरही आपण तोच कितीतरी वर्षं चालवला.

खरा प्रश्न कामाचा आहे. बांधकाम थांबलं की खोदकाम थांबतं, 2008 नंतर आयर्लंडमध्ये तेच झालं, रस्ते आणि घरं अडकली आणि उत्खननवाल्यांच्या नोकऱ्या भराभर गेल्या. वेगळं व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं बिल्डर लोक हात आखडता घेतील याची मला भीती वाटते. त्यात या कंपन्या सीमेच्या दोन्ही बाजूंना कामं घेतात, पोरं-पोरी आज ग्लासगोजवळ गुडघ्यावर बसून ट्रॉवेलने माती खरवडतायत, पुढच्या महिन्यात इंग्लंडातल्या यॉर्कशायरमध्ये, मग उद्या चलन वेगळं झालं तर पगार कशात आणि पेन्शन कुठे? उलट स्कॉटलंड युरोपियन युनियनमध्ये गेला तर ब्रेक्झिटनंतर अवघड झालेलं पोलंड, स्पेनच्या पोरांचं येणं परत सोपं होईल, तो मोठाच फायदा. पण वाटाघाटीच्या टेबलावर या पोरांच्या वतीने बोलायला कुणीतरी बसलेलं असायला हवं, आणि तेही पहिल्या दिवसापासून.