मुगाच्या मोडातलं तांबं

श्रोतेहो, नमस्कार.

मुगाला आलेला मोड म्हणजे त्या रोपाचं पहिलं मूळ. आज या मुळाबद्दलच बोलायचं आहे.

आम्ही प्रयोगशाळेत दोन बशांत ओला टिपकागद घालून त्यावर मोड आलेले मूग ठेवतो. एकीत साधं पाणी, दुसरीत मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराचं, अगदी फिकट द्रावण. चार दिवसांत पहिल्या बशीतली मुळं लांब, पांढरी आणि केसाळ होतात. दुसरीतली मात्र आखूड राहतात, टोकं तपकिरी पडतात. पानं तेव्हाही हिरवीच दिसतात, कारण बहुतेक तांबं मुळांमध्येच अडकून बसतं.

तांबं पिकाला लागतं, पण कणभर. ते जास्त झालं, की पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक नावाचा अतिशय जहाल कण तयार होतो. हे मूलक पेशीच्या पातळ आवरणातली स्निग्ध द्रव्यं जाळतं आणि पेशी गळू लागते. त्याला नष्ट करणारं विकर (एन्झाइम) रोपाकडे नाही! म्हणून ते तयार होण्याआधीच पेरॉक्साइड संपवावं लागतं. हे काम करणाऱ्यांपैकी एक म्हणजे कॅटालेज नावाचं विकर. मोड ठेचून त्यावर औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड टाका, फेस येईल. तो फेस म्हणजे सुटणारा प्राणवायू. (ते मूग मग खाऊ नका.)

कॅडमियम या दुसऱ्या, विषारी धातूची तऱ्हा वेगळी. ते रोपाला कशालाच लागत नाही आणि स्वतः मूलकंही तयार करत नाही. सजीवांमध्ये सर्रास आढळणाऱ्या ग्लुटाथायोन या पेशीचं रक्षण करणाऱ्या छोट्या रेणूच्या जागी मुगात आणि सोयाबीनमध्ये मुख्यतः त्याचं भावंड असतं, होमोग्लुटाथायोन. रोप त्याच्या साखळ्या करून कॅडमियमला बांधतं आणि पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडून ठेवतं. पण पेरॉक्साइड विझवायलाही हेच द्रव्य लागतं. आगीसाठी भरून ठेवलेला हौद बांधकामावर रिकामा व्हावा, तशी त्या कोवळ्या रोपाची अवस्था होते. मला या साऱ्यात हीच गोष्ट सर्वांत चटका लावते.

आता आपल्या शेताकडे या. सुपारीवरच्या कोळेरोगासाठी आणि द्राक्षावरच्या केवड्यासाठी आपण बोर्डो मिश्रण फवारतो. 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. औषध चांगलंच आहे, पण त्यातलं तांबं वाहून जात नाही, मातीच्या वरच्या थरात वर्षानुवर्षं साठतं. नाशिक-सांगलीकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते बरंचसं बांधलेलं राहतं. कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत मात्र ते मुळांना जास्त सहज मिळतं. आणि चवळी-कुळथाचं बी रुजतं ते याच वरच्या थरात.

जुन्या बागेच्या जागी कडधान्य पेरलं असेल, तर आठवड्याभराचं एखादं रोप अलगद उपटून मूळ धुऊन पाहा. तपकिरी टोक पाणी साचल्यानंही येतं, तेव्हा तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. वरच्या थरातली माती तपासायला द्या आणि देताना आवर्जून सांगा, सामू (म्हणजे मातीची आम्लता) आणि तांबं, दोन्ही पाहा.

नमस्कार.