पाच दिवसांची गोळी

नमस्कार. मला दिलेला विषय आहे, मळमळ, चक्कर आणि मनाचे आजार यांवरची औषधं सुरक्षितपणे कशी घ्यावीत. आजार तीन आहेत, पण मी आज एकाच गोळीबद्दल बोलणार आहे, कारण ती या तिन्हींवर दिली जाते. नाव प्रोक्लोरपेराझिन. कुणाच्या घरात घेतली जाते? चार-पाच हात. बरं, नाव ठाऊक नाही पण ‘ती उलटीची गोळी’ म्हणून औषधांच्या डब्यात एखादी अर्धवट पट्टी पडून आहे, असं कुणाकडे? आता बघा किती हात वर आले!

पोटाचं, कानातल्या तोलाचं आणि मनाचं दुखणं एकाच गोळीनं कसं आवरतं, हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. मेंदूत निरोप पोचवणारी जी रसायनं आहेत, त्यांतलं एक डोपामिन. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक कुंपण असतं, पण मेंदूच्या तळाकडच्या एका चिमुकल्या भागाला ते जवळजवळ नाहीच. तो भाग रक्तात काही विषारी आलंय का याची चाचपणी करतो आणि उलटीचा इशारा देतो. ही गोळी तिथे डोपामिनची वाट अडवते, म्हणून मळमळ थांबते. भास आणि भ्रम यांच्यातही डोपामिनचा हात असतो, म्हणून जास्त डोसमध्ये तीच गोळी मनोविकारावर चालते. तिची थोरली बहीण क्लोरप्रोमाझिन. 1950 साली ती फ्रान्समध्ये तयार झाली. रुग्णांना भूल देताना एका शल्यविशारदाच्या लक्षात आलं की तिनं ते शांत होतात, आणि 1952 मध्ये पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर या मनोविकारतज्ज्ञांनी ती मनोरुग्णांना दिली. मनोविकारांवर औषध देता येतं, हे तिथून पुढे जगाला पटलं. या घराण्याबद्दल मला मनापासून आदर आहे, हे आधीच सांगून ठेवते.

पण डोपामिनचं आणखी एक काम आहे. हात-पाय सहज हलवणं. गोळीला मेंदूचे कोपरे ओळखता येत नाहीत, ती तिथेही वाट अडवते.

आता माझ्या वडिलांची गोष्ट. ते तेव्हा 74 वर्षांचे होते. एका सकाळी उठले आणि खोली गरगर फिरायला लागली. डॉक्टरांनी तपासून ही गोळी दिली, 5 मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा, पाच दिवस. दोन दिवसांत बाबा उभे राहिले. पाच दिवस संपले, पट्टी संपली, आणि बाबा म्हणाले, ‘चांगली गोळी आहे, असू दे.’ जुन्याच चिठ्ठीवर नवी पट्टी आली. मग आणखी एक. असे चौदा महिने गेले. चक्कर केव्हाच गेली होती, पण ‘गोळी सोडली तर परत येईल’ ही भीती राहिली.

हळूहळू बाबांचं हसणं कमी झालं. माझी मुलगी विचारायची, ‘आजोबा रागावलेत का?’ चेहऱ्यावर काही उमटतच नव्हतं. मग उजवा हात थरथरायला लागला, पावलं लहान पडायला लागली. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कंपवात सांगितला आणि लेव्होडोपा सुरू केलं. मेंदूत जाऊन ज्याचं डोपामिन होतं, ते हे औषध. त्यानं अनेकांना सुरुवातीला मळमळतं, तसं बाबांनाही मळमळलं. मग त्या मळमळीवर आम्ही काय दिलं? तीच गोळी, आता जरा जास्त! एक औषध डोपामिन पुरवतंय, दुसरं त्याचीच वाट अडवतंय, आणि मध्ये माझे बाबा.

शेवटी एका तरुण डॉक्टरांनी फक्त एवढंच सांगितलं, ‘घरात असतील नसतील ती सगळी औषधं पिशवीत घालून आणा.’ पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा पाच मिनिटांत उलगडा झाला. त्यांच्या देखरेखीखाली गोळी बंद झाली. थरथर जायला काही महिने लागले, पण ती गेली. आणि मी कोण? मी फार्मासिस्ट. दर रविवारी बाबांच्या डबीत ती गोळी मी माझ्या हातानं भरत होते. कशासाठी, हे मला माहीत होतं. किती, तेही माहीत होतं. ‘कधीपर्यंत?’ हे मी एकदाही विचारलं नाही.

म्हणून माझा हट्ट आहे की चिठ्ठीवर औषध बंद करायची किंवा फेरविचाराची तारीख लिहिलेली असावी. नसेल तर तिथेच विचारून पट्टीवर पेननं लिहा. चक्करेत तर याला आणखी एक कारण आहे. कानातला तोल बिघडला की मेंदू हळूहळू नवा तोल शिकतो, आणि ही गोळी फार दिवस चालली तर ते शिकणंच लांबतं.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे मुख्य विषय आता भरभर सांगते.

गोळीनं झोप येते, उठताना रक्तदाब घसरतो. आधी बसा, मग उभे राहा. गुंगी असेपर्यंत गाडी चालवू नका, दारू नको. कंपवात, अपस्मार, काचबिंदू, यकृताचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा आजार, गरोदरपण, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या घराण्यातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून तिथे निर्णय फार विचारपूर्वक व्हायला हवा. लहान मुलांना घरातली उरलेली गोळी मोडून कधीच देऊ नका. उलटीचं दुसरं औषध, विशेषतः मेटोक्लोप्रमाइड, चालू असेल तर तेही सांगा. दोघंही डोपामिनच अडवतात.

पहिल्या काही दिवसांत मान वाकडी होणं, जबडा अडकणं, डोळे वर फिरणं असं झालं तर घाबरू नका, पण लगेच दवाखाना गाठा. त्यावर इंजेक्शन आहे आणि सहसा लवकर आराम पडतो. तरुणांमध्ये हे जास्त होतं. एका जागी बसवेना, आतून तगमग, हाही औषधाचाच परिणाम असू शकतो. ‘नखरे करतोय’ म्हणू नका. खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ, शुद्ध हरपल्यासारखं बोलणं, हे एकत्र दिसलं तर ती तातडीची वेळ आहे. ताप आणि घसादुखी सुरू झाली तर रक्त तपासून घ्या. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट नको.

आणि एक गोष्ट घाईत निसटू नये. मनाच्या आजारासाठी हे औषध किंवा त्याची भावंडं घेणाऱ्यांनी माझ्या बाबांची गोष्ट ऐकून आज रात्री गोळी बंद करू नये. तुमचं औषध महिनोन्‌महिने चालणं हाच कदाचित उपचार आहे. अचानक थांबवलं तर आजार उलटतो. तुमच्यासाठी ‘कधीपर्यंत?’चं उत्तर ‘आत्ता नाही’ असं असू शकतं, पण ते तुमच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐका.

मागच्या रांगेतल्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे. बोला, ताई.