रेडिओवर जाहिरात द्यावी का? आधी गल्ला बघा

नमस्कार मंडळी. आज जरा अवघड जागी बसून बोलायलो, कारण विषय आहे छोट्या दुकानदाराला रेडिओची जाहिरात परवडते का, आणि बोलायलो ते रेडिओवरूनच, काचेच्या पलीकडं ड्युटीवरचे साहेब बसलेलेच हायत. पण असू द्या. घरचे पैसे लावणाऱ्या माणसाला गोड बोलून चालत नाही.

तर पहिलं हे बघा की तुमचं गिऱ्हाईक येतं कुठून. गल्लीतली पिठाची गिरणी, कटिंगचं दुकान, कोपऱ्यावरचं किराणा, यांचं गिऱ्हाईक पायी येणारं. आता त्यांनी अख्ख्या संभाजीनगरला ऐकू जाईल अशी जाहिरात दिली तर चिकलठाण्याचा माणूस काय दळण घेऊन पडेगावला येणारय का? नाही येणार. अशा धंद्यानं रेडिओच्या भानगडीत पडूच नये, दुकानावर चांगला बोर्ड लावावा आणि व्हॉट्सॲपवर भाव टाकत जावेत, संपला विषय. पण फर्निचर, ट्रॅक्टरची एजन्सी, मंगल कार्यालय, सोनं, लग्नाचा बस्ता, क्लासेस, यांच्याकडं माणूस फुलंब्री, गंगापूर, पैठणहून गाडी काढून येतो, तिथं रेडिओचा विचार करायला हरकत नाही.

आणि हो, कोणतं स्टेशन घ्यायचं हे रेडिओचा मार्केटिंगवाला पोरगा सांगेल त्यावर ठरवू नका. आपल्याकडं परभणी आकाशवाणी मीडियम वेव्हवर आहे, तिचा आवाज लांब खेड्यापाड्यात जातो पण तिथं रेडिओ सेट किती घरात राहिलेत ते बघावं लागतं, प्रायव्हेट एफएम शहरात खणखणीत लागतं आणि शहर सोडून गाडी पुढं गेली की खरखर सुरू होते, कम्युनिटी रेडिओ, म्हणजे एखाद्या कॉलेजचं नाहीतर संस्थेचं छोटं स्टेशन, त्याचा पल्ला त्याहून कमी. ज्या गावातून गिऱ्हाईक यावं वाटतं त्या गावात एखाद्या रविवारी जा, चहाच्या टपरीवर, वडापमधे, गॅरेजमधे काय वाजायलंय ते कानानं ऐका. मोबाईलमधे एफएम आहे म्हणतात पण बऱ्याच नव्या फोनमधे नसतंच, आणि असलं तरी वायरवाला हेडफोन लावल्याशिवाय लागत नाही, कारण ती वायरच ॲन्टेना असते.

आता हिशोब. इथं माणसं फसतात. रेडिओचा दर बहुतेक 10 सेकंदावर सांगतात, सकाळ-संध्याकाळचा जास्त, दुपारचा कमी. धरून चला की तुम्हाला 10 दिवसांचं पॅकेज 30,000 ला मिळालं. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,400, झाले 35,400. तुम्ही रेग्युलर जीएसटीत असाल तर ते 5,400 क्रेडिटमधे, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून, वळते होतात, पण कंपोझिशन स्कीममधे, म्हणजे विक्रीवर ठराविक टक्के कर भरून मोकळे होणाऱ्यांत, असाल तर नाही मिळत, ते खिशातूनच गेले, आणि आपल्याकडं कंपोझिशनमधले छोटे दुकानदार असतातच. आता कपड्याच्या दुकानात बिल सरासरी 2,000 चं होत असेल आणि त्यात 300 रुपये सुटत असतील, तर 35,400 वसूल व्हायला 118 बिलं पाहिजेत, आणि तीही नवी, नाहीतरी येणारच होता तो माणूस धरायचा नाही. रोजची बारा नवी बिलं! साध्या दुकानाला ही गोष्ट अवघड आहे. पण त्याच दुकानात लग्नाचा बस्ता बांधत असतील आणि एका बस्त्याचं बिल 60,000 होऊन त्यात 9,000 सुटत असतील, तर चार बस्त्यात पैसे वसूल, पाचव्यापासून कमाई. दुकान तेच, जाहिरात तीच, फरक काय विकायचं यात पडला. म्हणून विक्री किती वाढली हे सांगू नका, सुटले किती ते सांगा.

मग वेळ. आपल्या भागात पैसा वर्षभर सारखा नसतो हे मी तुम्हाला काय सांगायचं. सोयाबीन काढून आडतीवर गेलं, कापूस विकला, की हातात नोटा खेळतात. बियाणं-खतवाल्यानं मृगाच्या आधी बोलावं, मृग निघून गेल्यावर बोलून काय उपयोग. पण बीडकडची गोष्ट वेगळीये. धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी या पट्ट्यातली कितीतरी घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, पार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, घरी राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. तिथल्या दुकानदारानं डिसेंबरात जाहिरातीवर पैसे घालवले तर ऐकणार कोण? माणसं पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परत येतात, तेव्हा बोला. आणि एकदा वाजवून गप्प बसू नका, एका पावसावर पेरणी केली की दुबार पेरणी ठरलेली. पैसे कमी असतील तर दिवस कमी घ्या, पण त्या दिवसात दिवसातून पाच-सहा वेळा वाजलं पाहिजे.

जाहिरातीत काय बोलायचं, यावर तर मला तासभर बोलता येईल. 20 सेकंदात 40-45 शब्द बसतात, बस. आपला मालक काय लिहून देतो? खुशखबर खुशखबर, शालू, पैठणी, नऊवारी, सूटिंग-शर्टिंग, चादरी, टॉवेल, लहान मुलांचे रेडिमेड, प्रोप्रायटर अमुक अमुक, आमची कुठेही शाखा नाही, आणि दोन मोबाईल नंबर. मोटारसायकलवर चाललेला माणूस दहा आकडे लिहून घेणार कसा हो? त्यापेक्षा असं करा:

‘दाजी, बस्त्याला चला म्हणलं की तुमचं बीपी वाढतं.’
‘यंदा नाही वाढणार अक्का, गुलमंडीवर बस्ता 15 हजारापासून आहे म्हणायलेत.’

मग दुकानाचं नाव दोनदा आणि जवळची खूण एकदा. झालं. मागं सिनेमातलं गाणं टाकू नका, त्याला परवानगी लागते, फुकटात मिळत नाही.

बरं, उपयोग झाला का ते कळणार कसं? रेडिओवर असं एक काहीतरी सांगा जे बोर्डवर नाही, पेपरात नाही. ‘रेडिओवर ऐकलं’ म्हणा आणि ब्लाउज पीस घेऊन जा, असं. काउंटरवरच्या पोराला वही द्या, जो म्हणेल त्याच्या गावाचं नाव लिहायचं, बाकी काही नाही. गावं बघितली की स्टेशन कुठपर्यंत पोचलं ते आपोआप दिसतं. आणि मागच्या वर्षांच्या गल्ल्याशी जुळवताना तारखेवर जाऊ नका, सणावर जा. 2023 ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2025 ला ते 21 ऑक्टोबरला आलं, मग ऑक्टोबरचा गल्ला वाढला तो रेडिओनं का दिवाळीनं? तो मार्केटिंगवाला पोरगा रेडिओनं म्हणणारच, त्याला टार्गेट असतं बिचाऱ्याला.

तो आला की चहा पाजा, दर पाडून मागा, प्रायव्हेटवाले कमी करतात. ‘इतके स्पॉट बोनस’, म्हणजे इतक्या वेळा जाहिरात फुकट वाजवतो, म्हणाला तर किती वाजता वाजणार ते विचारा, रात्री अकरानंतरचे बोनस कामाचे नाहीत. आरओवर, म्हणजे जाहिरातीच्या ऑर्डरच्या कागदावर, वेळा लिहून घ्या, आणि कोणत्या दिवशी किती वाजता वाजलं त्याचा लॉग हातात आल्यावरच शेवटचा चेक द्या. नमस्कार.