कॅमेरा गेला, लेन्स उरली: आता नवा घेताना आधी कपाट उघडा

(साताऱ्यात, गच्चीवर. मागे अजिंक्यतारा किल्ला. कॅमेरा ट्रायपॉडवर, मी समोर.)

नमस्कार मंडळी. मागचे काही व्हिडिओ फोनवर का केले, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कारण एवढंच, की ठोसेघरच्या बाजूने परत येताना कॅमेऱ्याची बॅग गेली. कुठे, कशी, यात आता जात नाही. शोधलं, पोलिसांत लेखी दिलं, मिळाली नाही. आज मी ज्या कॅमेऱ्यासमोर बसलेय तो नवा आहे. तो निवडताना जे डोक्यात घोळवलं ते सांगते, म्हणजे तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच दिवशी सेलच्या नादाला लागणार नाही.

जुना कॅमेरा होता कॅननचा डीएसएलआर, 1300डी, 2016 सालचं मॉडेल. कॉलेजातल्या पोरांच्या, नाहीतर नव्यानं लग्नाचं काम धरणाऱ्यांच्या गळ्यात तुम्ही तो हमखास बघितला असेल. बॅगेत कॅमेरा होता आणि त्याच्यासोबत आलेली किट लेन्स. घरी कपाटात मात्र दोन लेन्स राहिल्या होत्या.

(दोन्ही लेन्स हातात घेऊन.)

ही 50 एमएम, एफ 1.8. आणि ही लांबचं जवळ आणणारी झूम, 55-250. आजचं सगळं बोलणं या दोघींभोवतीच फिरणार आहे. कॅमेरा हरवला की माणूस काय हरवलं तेच बघत बसतो. दुकानात जातो आणि "तेच द्या, पण नवीन द्या" म्हणतो. काय उरलंय ते कोणी बघतच नाही. खरं तर पुढचा कॅमेरा कोणता, हे निम्मं ठरतं ते कपाटात उरलेल्या लेन्सवर.

का ते नीट सांगते, कारण दुकानात हे कोणी समजावत नाही. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, यांच्यामध्ये आरसा असतो. वरच्या खिडकीतून आपण बघतो ते त्या आरशातून आलेलं असतं, आणि बटण दाबलं की तो खटकन वर उचलला जातो. तो हलायला जागा लागते. त्यामुळे कॅननच्या डीएसएलआरमध्ये लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर 44 मिलिमीटर. मिररलेस म्हणतात त्या नव्या प्रकारच्या कॅमेऱ्यात आरसाच नाही, म्हणून तेच अंतर 20 मिलिमीटरवर आलं. आता जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लावायची तर मधली 24 मिलिमीटर जागा भरून काढायला हवी. ती भरतो हा अ‍ॅडॉप्टर.

(अ‍ॅडॉप्टर लेन्ससमोर धरून, त्यातून बोट आरपार घालून.)

बघा, आत काहीच नाही. काच नाही, बोट आरपार जातंय. नुसतं कडं आहे आणि आतल्या बाजूला हे सोनेरी टिपके दिसतात ते विजेचे संपर्क. काचच नसल्यामुळे फोटोचा दर्जा उतरायचा प्रश्न येत नाही. ऑटोफोकस चालतो, 55-250 मधलं हात स्थिर ठेवणारं स्टॅबिलायझेशनही चालतं. लेन्स पुढे तेवढी लांब दिसते आणि वजन थोडं पुढे झुकतं, बस.

म्हणून मी घेतला कॅननचाच मिररलेस, ईओएस आर50. माझ्याकडे निकॉनच्या लेन्स उरल्या असत्या तर मी निकॉनच्या झेड या मिररलेस मालिकेकडे गेले असते. निकॉनवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा: त्यांच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते. एएफ-एस आणि एएफ-पी लिहिलेल्या लेन्समध्ये स्वतःची मोटर असते, त्या व्यवस्थित फोकस करतात. जुन्या, मोटर नसलेल्या एएफ-डी लेन्सना मात्र हातानेच फोकस करावा लागतो. डी3000 किंवा डी5000 मालिकेचा कॅमेरा वापरत असाल तर त्यातही मोटर नव्हती, म्हणजे तुमच्या लेन्स बहुधा एएफ-एसच असतील. काळजी नको. आणि कॅननच्या लेन्स सोनीवर? लागतात, दुसऱ्या कंपन्यांचे अ‍ॅडॉप्टर आहेत, पण फोकसचा भरवसा लेन्सगणिक बदलतो. लेन्स हाताशी आहेत तर हा खटाटोप कशाला!

ज्यांच्याकडे काहीच उरलं नाही, पूर्ण बॅगच गेली, ते मोकळे. कोणतीही कंपनी घ्या. हातात धरून बघा, मेनू समजतो का बघा, आणि पुढे घ्यायच्या लेन्स परवडतात का ते विचारा.

आता मेगापिक्सेल. दुकानात गेले तर पहिलं वाक्य हेच: "ताई, तुमचा 18 चा होता, हा 24 चा आहे." म्हटलं, दादा, रुंदी सांगा. जुन्या फोटोची रुंदी 5184 पिक्सेल, नव्याची 6000. म्हणजे फोटो रुंदीला साधारण 16 टक्के वाढला. तुमचा फोटो फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बघितला जाणार असेल तर हा फरक डोळ्यांना कळणारही नाही. यासाठी पैसे घालू नका.

पैसे कशासाठी घालायचे? जुना कॅमेरा जिथे अडवायचा तिथे. माझ्या बाबतीत तीन ठिकाणी अडवायचा. एक, व्हिडिओ चालू असताना फोकस आपणहून बदलत नव्हता. मी पुढे आले की नाक धूसर, मागचा किल्ला स्पष्ट. दोन, माईक लावायला भोकच नव्हतं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उभं राहून बोलायचं आणि आवाज वेगळा फोनवर घ्यायचा, मग घरी येऊन जुळवत बसायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना विचारा. तीन, फोकसचे बिंदू नऊच, तेही सगळे मधोमध गोळा झालेले.

नव्यात हे तिन्ही सुटलं. बघा.

(कंदी पेढ्यांचा पुडा लेन्सजवळ आणून.)

पुडा पुढे आणला, फोकस पुड्यावर. पेढ्यावरची ही खरपूस तपकिरी कडा दिसते का, मावा भाजून येते ती? आता पुडा बाजूला... आणि फोकस परत माझ्यावर. यासाठी यात वस्तू जवळून दाखवण्याचा वेगळा व्हिडिओ मोडच दिलाय. रेसिपी, हस्तकला, शेतीची अवजारं असं काही दाखवणाऱ्यांना हा एक मोड पुरेसा आहे. (पेढा खाऊन टाकते, थांबा.)

माणसाचा डोळा, कुत्रा, मांजर, पक्षी, मोटार, मोटारसायकल हे तो आपणहून ओळखतो. मायणीच्या तलावावर पक्षी टिपणाऱ्यांना याचा खरा फायदा आहे. पण बैलगाडा शर्यतीला नेणार असाल तर ऐका: त्याच्या यादीत बैल नाही! जपानमध्ये कोणी विचारच केला नसणार. तिथे फोकसचा चौकोन आपणच छोटा करून धावपट्टीवर ठेवायचा आणि कंटिन्युअस, म्हणजे सतत बदलत राहणारा फोकस लावायचा. चौकोनात जोडी आली की तो धरतो.

आता पेटीतल्या नव्या लेन्सबद्दल. सोबत येते ती 18-45. प्रवासाला हलकी, दिवसाउजेडी छान. पण 45 वर झूम केलं की तिचं तोंड एफ 6.3 पेक्षा जास्त उघडत नाही. ही माझी जुनी 50 एमएम एफ 1.8 पर्यंत उघडते. एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं तोंड मोठं. गणित केलं तर जवळपास त्याच झूमवर ही जुनी लेन्स बारापट प्रकाश आत घेते. बारापट! गणपतीच्या मांडवात, देवळाच्या गाभाऱ्याबाहेर, संध्याकाळी राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर भेळेच्या गाडीपाशी जो फरक पडतो तो नव्या कॅमेऱ्यापेक्षा या लेन्समुळे पडतो. म्हणून ज्यांचं बजेट कमी आहे त्यांना मी सरळ सांगते: वापरलेला डीएसएलआर घ्या आणि उरलेल्या पैशांत ही 50 घ्या.

आणि ही 55-250 कासच्या फुलांच्या पठारावर लागते. कास म्हणजे युनेस्कोच्या यादीत 2012 साली आलेल्या पश्चिम घाटाचा भाग. तिथे पायवाट सोडून आत पाय टाकायचा नाही, आणि फोटोसाठी फुलांत लोळणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं. वाटेवर उभं राहून लांबून तेरडा, सोनकी टिपायला ही लेन्स आहेच. या सेन्सरवर 250 म्हणजे फिल्मच्या जमान्यातल्या 400 एमएमसारखी चौकट मिळते. मात्र साधारण 85 सेंटिमीटरपेक्षा जवळ ती फोकस करत नाही, तेव्हा सीतेच्या आसवांसारखं नखाएवढं फूल हवं असेल तर मॅक्रो लेन्सच लागेल.

वापरलेला घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. लग्नाचे फोटोग्राफर मिररलेसकडे वळतायत, त्यामुळे बाजारात डीएसएलआर भरपूर आलेत. शटर किती वेळा उडालंय ते विचारा. निकॉनच्या मूळ फोटो फाइलमध्ये तो आकडा सापडतो, कॅननमध्ये बहुतेक वेळा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. आणि लेन्स घेताना मोबाईलची टॉर्च मागच्या बाजूने मारा, पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. महाबळेश्वर, पाचगणी, बामणोली, या पट्ट्यात पावसाळा काढलेली लेन्स असेल तर हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बुरशी आतल्या काचेवर असते, पुसून जात नाही.

आता हरवण्याबद्दल, कारण हे नव्या कॅमेऱ्यालाही लागू आहे. मोबाईल हरवला तर आयएमईआय नंबरवरून सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर ब्लॉक करता येतो. कॅमेऱ्याला असं काही नाही. त्याला फक्त सीरियल नंबर. माझा खोका रद्दीत गेला होता, बिल सापडेना. पण जुन्या फोटोंच्या मूळ फाइलमध्ये सीरियल नंबर लिहिलेला होता, तोच पोलिसांना दिला. फाइल थेट कार्डावरून उतरवलेली हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतून ही माहिती निघून जाते.

नव्या कॅमेऱ्यात पहिलं काम काय केलं? मेनूत जाऊन कॉपीराइटच्या जागी स्वतःचं नाव टाकलं, आता प्रत्येक फोटोत ते आपोआप जातं. मग कागदावर फोन नंबर लिहून त्याचा फोटो काढला. सापडलेला कॅमेरा सज्जन माणसाच्या हाती पडला तर तो आधी फोटोच बघतो ना! कार्ड फॉरमॅट केलं की हा फोटोही जातो, लॉक केलेला असला तरी. म्हणजे दर वेळी फॉरमॅटनंतर परत काढायचा. बॅगेत टाकायचे ट्रॅकर मिळतात तेही घ्या, पण ते आसपासच्या लोकांच्या फोनवर चालतात. पोवई नाक्यावर उपयोगी, कोयनेच्या जलाशयाकाठी फारसे नाहीत.

काही बारीकसारीक खर्च दुकानदार सांगत नाही. जुन्याची बॅटरी एलपी-ई10, नव्याची एलपी-ई17, एकमेकांत बसत नाहीत. आणि आरशाची खिडकी वीज खात नव्हती, इथे स्क्रीन सतत चालू, त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. दुसरी घ्याच. 4के व्हिडिओसाठी कार्डावर व्ही30 ही वेगाची खूण लिहिलेली बघा. बिल जीएसटीचं पक्कं घ्या, नाहीतर वॉरंटीला अडचण. आणि हा कॅमेरा पावसापासून बंदिस्त नाही. ठोसेघरच्या धबधब्याचे तुषार अंगावर येतात त्या कठड्यापाशी तो पिशवीतच ठेवा.

शेवटची अडचण माझी अजून सुटलेली नाही. आर50 चे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले कच्चे फोटो सीआर3 प्रकारचे असतात. माझ्या जुन्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर ते उघडतच नाही, आणि 4के व्हिडिओ लावला की पंखा असा फिरतो की शेजारच्या काकू विचारतात, मिक्सर लावला का. सध्या व्हिडिओच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी फाइल बनवून एडिट करतेय. ते कसं करायचं, हे पुढच्या व्हिडिओत. तो एडिट होऊन आला, तर समजा लॅपटॉप अजून चालू आहे.