वाचून झालं, पण कळलं का?

"गिमरा तुळंबीत लोळला आणि मग भेंडरला." आता सांगा, गिमरा कुठे लोळला? तुळंबीत. उत्तर अगदी बरोबर! पण तुळंबी म्हणजे काय? असा शब्दच नाही. हे वाक्य आम्ही मनानं रचलं आहे.

धड्याखालचे कितीतरी प्रश्न मुलं अशीच सोडवतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ते वाक्य वहीत उतरवायचं. पूर्ण गुण!

गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 साली आकलनाचं एक साधं सूत्र मांडलं. लिपी वाचता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्यच.

लिपीचा सराव हवाच. जोडाक्षरापाशी अडखळणारं मूल वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरून जातं. 2021 मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानानं तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द वाचता यावेत, असं लक्ष्य ठेवलं. तेही अर्थ समजून. शब्द घड्याळ लावून मोजता येतात. अर्थ समजला का, हे पाहायला मुलाशी बोलावं लागतं.

हा दुसरीचा वर्ग. बाई गोष्ट वाचून दाखवताहेत. "आभाळ भरून आलं. सखूनं अंगणातल्या मिरच्या भराभर गोळा केल्या." इथं बाई थांबतात. "का बरं केल्या गोळा?"

पाऊस येणार, असं गोष्टीत कुठंच लिहिलेलं नाही. तरी हात वर होतात. भिजल्या तर मिरच्यांना बुरशी धरते, एक मुलगी सांगते. तिनं ते घरी पाहिलंय. तिच्या अनुभवानं गोष्टीतली मोकळी जागा भरली. आकलन म्हणतात ते हेच.

मागच्या बाकावरचा मुलगा त्याच्या घरच्या बोलीत बोलतो. बाई त्याला मध्येच सुधारत नाहीत, हे फार मोलाचं आहे. आधी विचार पुरा होऊ दे, प्रमाण शब्द मागून येतील. त्या फक्त विचारतात, "कशावरून?" मग तो पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवतो.

हे घरीही जमतं. आजीला अक्षरओळख नसली तरी चालेल. नातवंडानं वाचून दाखवावं आणि आजीनं मध्येच थांबवून विचारावं, "अरे, पण ती रागावली कशानं? आणि आता काय करेल?"