हात दुखतोय? तपासायला लाइनवर चला

नमस्कार मंडळी. चाकण, भोसरी, रांजणगाव, कुठल्याही असेंब्ली लाइनवर सुपरवायझरच्या देखत विचारून बघा, "हात दुखतो का रे?" उत्तर ठरलेलं: "नाही साहेब, काही नाही." कंत्राटी पोरगं दुसरं काय सांगणार? दुखतं म्हटलं तर ब्रेक मिळेल, म्हणजे कामावरून काढतील, ही धास्ती असते. म्हणून तपासणीची पहिली अट हीच: विचारणारा माणूस वेगळा हवा, जागा वेगळी हवी आणि भरलेला कागद सुपरवायझरच्या टेबलावर जाता कामा नये.

विचारायचं काय? १९८७ पासून जगभर वापरात असलेली नॉर्डिक प्रश्नावली सोपी आहे. शरीराचं चित्र, त्याचे ९ भाग. गेल्या १२ महिन्यांत इथे दुखलं का? गेल्या ७ दिवसांत? त्यामुळे नेहमीचं काम अडलं का? यात मी माझे दोन प्रश्न घालते. साप्ताहिक सुट्टीला बरं वाटतं का? आणि रात्री दुखण्याने जाग येते का?

या रात्रीच्या प्रश्नातून खूप कळतं. वायर हार्नेसच्या, म्हणजे वायरींचे जुडगे जोडायच्या लाइनवरच्या ताई सांगतात, "झोपेत हात बधिर होतो, उठून झटकला की मोकळा वाटतो." मी कागदावर पंजा काढते आणि पेन त्यांच्याच हातात देते, मुंग्या येतात तेवढा भाग रंगवा म्हणते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट रंगलं आणि करंगळी कोरी राहिली, तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता मोठी. म्हणजे कार्पल टनेल. मग फेलनची चाचणी: (हात दाखवत) दोन्ही मनगटं अशी खाली वाकवून, पंजांच्या पाठी एकमेकींना लावून ६० सेकंद. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय बळावतो. नाही आल्या, तरी विषय संपत नाही. गरज पडली तर नसांची तपासणी करून घ्यायची.

मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण हेही विचारायचं, कारण त्यातही नस दाबली जाते. पण "घरी धुणीभांडी करता ना, त्यानेच होतंय" म्हणून बाईला परत पाठवणं मला अजिबात पटत नाही. घरकामाचं विचारा की, पण त्याच अंगठ्याने शिफ्टभर किती कनेक्टर दाबले, तेही मोजा.

अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे हळूच झुकवायचं. खांद्यासाठी हात बाजूने वर न्यायचा. साधारण ६० ते १२० अंशांच्या मधेच दुखलं तर खांद्यातले स्नायुबंध घासले जात असावेत. ग्राइंडरवाल्यांची गोष्ट वेगळी. कंपनांमुळे बोटं पांढरी पडतात असं पुस्तकात असतं, पण आपल्या उष्ण हवेत ते क्वचितच दिसतं. म्हणून मुंग्या आणि कमी झालेली पकड शोधायची.

आता लाइनवर. तीही शिफ्टच्या उत्तरार्धात, कारण सकाळी सगळेच ताठ उभे असतात. परवानगी घेऊन बाजूने व्हिडिओ काढा. नॉटिंगहॅमच्या लिन मॅकअ‍ॅटमनी आणि नायजेल कॉर्लेट यांनी १९९३ मध्ये मांडलेली, कामाची ढब गुणांत मोजणारी 'रूला' पद्धत इथे कामी येते. दंड, कोपर, मनगट, मान, पाठ यांना गुण देत शेवटी १ ते ७ मधला आकडा निघतो. १-२ चालेल, ७ म्हणजे ताबडतोब बदला.

समजा, एक बुटका मुलगा वरून टांगलेली गन, म्हणजे हातात धरून चालवायचं यंत्र, वापरतोय. दंड ४५ अंशांच्या वर गेलाय, त्याचे ३ गुण. कोपर अंगापासून लांब, आणखी १. नुसत्या दंडाचेच ४. पायाखाली मजबूत फळी दिली, गनची उंची त्याच्या मापाने लावली, दंड ४५ च्या आत आणि कोपर अंगाजवळ आलं, की उरतात २. औषधाची गोळी न देता!

पण रूला एका क्षणाची ढब बघते. गन किती थरथरते, ओव्हरटाइम किती होतो, मधे हात सोडायला उसंत मिळते का, हे तिच्यात येत नाही. म्हणून स्टॉपवॉच घ्या, सायकल मोजा, म्हणजे तेच काम पुन्हा सुरू व्हायला किती सेकंद लागतात ते.

शेवटची गोष्ट डॉक्टरांसाठी आणि सेफ्टी ऑफिसरसाठी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या यादीत कार्पल टनेल हा व्यवसायजन्य आजार आहे. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ आजार होते, त्यात हा नव्हता. त्यामुळे केस पेपरवर नुसतं 'हातदुखी' लिहू नका. कोणतं मशिन, कोणता हात, सायकल किती सेकंदांची, किती वर्षं हेच काम, आणि सुट्टीत कमी होतं का, हे सगळं लिहा. आणि त्याची एक प्रत कामगाराच्या हातात द्या.