पत्र्याच्या डब्यातल्या पाच पुरचुंड्या

श्रोतेहो, नमस्कार.

चैत्र लागला की बागेविषयी बोलावेसे वाटते आणि बोलायला बसले की मला दरवेळी २०२० सालचा चैत्र आठवतो. त्या वर्षीचा गुढीपाडवा बुधवारी, २५ मार्चला आला होता आणि देशभरातल्या टाळेबंदीचा तोच पहिला दिवस होता. आदल्या रात्री आठ वाजता घोषणा झाली, त्यामुळे सकाळी कडुलिंबाची डहाळी आणि आंब्याची पाने आणायला मंडईत जाण्याचा प्रश्नच उरला नाही. पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या आवारात एकच कडुलिंब आहे. रखवालदाराने त्याच्या डहाळ्या तोडून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ओळीने मांडून ठेवल्या आणि एकेका घरातून एकेकच माणूस तोंडाला रुमाल बांधून खाली उतरले, आपली डहाळी उचलून वर गेले. गाठी पुष्कळ घरांत आल्याच नव्हत्या. गुढ्या मात्र सगळ्या गॅलऱ्यांत उभ्या राहिल्या.

त्यानंतरचे दिवस तुमच्या चांगलेच लक्षात असतील, म्हणून त्यांचे वर्णन मी लांबवत नाही. दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन घेणे, जुन्या सुती साड्यांचे मास्क शिवणे, धुणेभांडी घरातल्या सगळ्यांनी वाटून घेणे हे घरोघरी चालले होते. एप्रिलमध्ये मार्केट यार्डही बंद झाले, तेव्हा कोथिंबिरीच्या एका जुडीचे मोल आम्हांला कळले. पुष्कळ घरांत बाग सुरू झाली ती याच काळात आणि ती स्वयंपाकघरातल्या डब्यांतून सुरू झाली. मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येतात आणि तीन आठवड्यांत भाजी होते. धने मात्र अख्खे पेरू नयेत. लाटण्याने हलकेच रगडून त्यांच्या दोन फाकी कराव्यात आणि मग पेरावेत. त्यांना उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढा धीर धरावा. वसंत ऋतू कवितांमध्ये कितीही कोवळा असला तरी आपल्याकडचे चैत्र-वैशाखाचे ऊन रोपांसाठी फार कडक असते. पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, म्हणून दुपारी कुंड्यांवर जुन्या साडीचा आडोसा करावा, मातीवर वाळक्या पानांचा थर द्यावा आणि पाणी सकाळी सातच्या आत घालावे. सकाळी सातच्या आत, हे पुन्हा सांगते.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत मी अनेकींना फोनवरून सांगितली. भाज्या धुतलेले पाणी झाडांना घालणे चांगलेच आहे, परंतु त्या काळात आपण सगळ्या मिठाच्या पाण्यात भाज्या बुडवून ठेवत होतो आणि ते खारट पाणी कुंडीत गेले की रोपांच्या पानांच्या कडा करपतात. साधे पाणी झाडांना, मिठाचे पाणी मोरीत. तसेच मातीच्या कुंड्यांना तेलरंग देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मातीची कुंडी तिच्या अंगातून श्वास घेते, उन्हाळ्यात पाणी झिरपवून मुळे गार ठेवते आणि आपण गेरूऐवजी चकचकीत रंग फासून तिचे नाक बंद करतो. गेरू स्वस्त आहे, सुंदर आहे आणि आपल्या अंगणांना तो शतकानुशतके पुरला आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज आपल्यासमोर आले, तिच्याकडे वळते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका एकटेच राहतात. त्या वेळी त्यांचे वय शहात्तर होते, मुलगा परदेशात होता आणि काकूंना जाऊन दीड वर्ष झाले होते. ज्येष्ठांनी घराबाहेर पडू नये असे सांगितलेले असल्याने काकांनी दाराबाहेर पाऊल टाकायचे नाही, असे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवले. त्यांची गॅलरी आमच्या गॅलरीच्या बरोबर वर असल्यामुळे त्यांनी कपडे वाळत घालायच्या दोरीला काकूंची फुलांची परडी बांधली आणि ती खाली सोडू लागले. मी परडीत पोळ्या ठेवी, औषधाची पाकिटे ठेवी, पुदिन्याच्या चार काड्या ठेवी. काका वरून म्हणत, "आली गं!" आणि परडी हेलकावे खात वर जाई.

रामनवमी झाल्यावर एके दिवशी परडी खाली आली, ती बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन. "अगं, हे तिच्या कपाटात सापडलं. बियाणं दिसतंय. मला यातलं काही कळत नाही, तुझ्या उपयोगी पडलं तर बघ," काका वरून म्हणाले. डब्यात पाच पुरचुंड्या होत्या. प्रत्येक पुरचुंडी वेगवेगळ्या कापडात घट्ट बांधलेली होती आणि एकीवरही नाव नव्हते, चिठ्ठी नव्हती. पहिली गाठ सोडली तेव्हा आतून राख सांडली. बियाण्याला कीड लागू नये म्हणून चुलीची किंवा गोवरीची राख मिसळण्याची आपली जुनी पद्धत आहे आणि काकूंनी शहराच्या मध्यवस्तीत राहून कुठूनतरी गोवरीची राख मिळवलेली होती. तळाशी कडुलिंबाची वाळलेली पाने होती, हात लावताच चुरा होणारी.

पहिले बी मेथीचे होते, ते वासावरून कळले. दुसरे काळे, चपटे आणि खवल्याखवल्यांचे होते, म्हणजे दोडका. तिसरी चवळी होती. चौथे बी मोहरीहूनही बारीक, काळे आणि चकचकीत होते, बोटाला चिकटले की सुटत नसे. तो माठ असावा असे वाटले. पाचव्या पुरचुंडीतले बी मात्र मला ओळखता येईना. साधारण तुरीएवढे, किंचित लांबट, तपकिरी-हिरवट रंगावर काळ्या ठिपक्यांचे आणि नखाने दाबले तरी खूण न उमटणारे असे ते होते.

जुने बी सरळ मातीत टाकू नये. आधी त्याची उगवण पाहावी. हे पुन्हा सांगते, कारण नव्याने बाग करणाऱ्यांची सगळ्यात मोठी निराशा इथेच होते. दहा बिया मोजून घ्याव्यात, ओल्या सुती फडक्यात गुंडाळाव्यात, फडके सुकू देऊ नये आणि आठवडाभराने किती बियांना मोड आले ते मोजावे. दहातल्या आठ उगवल्या तर बी उत्तम आहे. चार उगवल्या तर ते दुप्पट दाट पेरावे. मी पाच फडकी ओली केली आणि ओट्याच्या कडेला पाच बशांत मांडली. मेथीचे नऊ दाणे फुटले, चवळीचे सात आणि दोडक्याचे चार. बारीक काळ्या बियांना पांढऱ्या दोऱ्यासारखे मोड आले आणि पुढे कुंडीत त्यांची पाने लालबुंद निघाल्यावर तो लाल माठच असल्याची खात्री पटली. पाचव्या बशीत काहीच घडले नाही. दहा दिवस गेले तरी त्या बिया जशाच्या तशा टणक होत्या, फुगल्यासुद्धा नव्हत्या.

मी काकांना सांगितले, "काका, पाचवं बी बहुतेक मेलेलं आहे, आणि ते कशाचं आहे तेही कळत नाही." काका काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "ते कशात बांधलंय, ते दाखव बरं." मला त्यांच्या मागणीचा अर्थ लागला नाही, तरी पाचही कापडे मी परडीत घालून वर पाठवली. थोड्या वेळाने ते कठड्यापाशी आले आणि एकेक कापड हातात धरून सांगू लागले. ही चॉकलेटी इरकल, मुलाच्या मुंजीत नेसली होती. हा हिरवा खण तिच्या आईकडचा. हे माझ्याच धोतराचं. हे लाल व्हॉइल, पानशेतचा पूर आला तेव्हा ती लहान होती, तिच्या आईच्या अंगावर त्या दिवशी हेच होतं असं ती सांगायची. श्रोतेहो, तो पूर १२ जुलै १९६१ चा, म्हणजे त्या चिंधीचे वय साठीच्या घरात होते. शेवटी त्यांनी निळ्या काठाचे पांढरे कापड उचलले आणि म्हणाले, "हे तिचं पूजेचं पातळ. सकाळी आंघोळ करून हे नेसायची, पूजा झाली की बदलायची. दुसऱ्या कशालाच वापरलं नाही."

मला बी ओळखता येत होते आणि त्यांना पातळे ओळखता येत होती. पूजेच्या पातळाच्या तुकड्यात बांधलेले बी भाजीचे नसणार, ते पूजेच्या फुलाचे असणार, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले आणि पुढचे कोडे आपोआप सुटले. तुरीएवढे ठिपक्यांचे टणक बी आणि पूजेचे फूल, म्हणजे गोकर्ण. गोकर्णाचे बी मेलेले नसते, ते बंद असते. त्याचे कवच इतके घट्ट असते की पाणी आत शिरतच नाही. अशा बियांची एक बाजू पॉलिश कागदावर हलकेच घासावी, आतला फिकट रंग दिसू लागला की थांबावे आणि मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवावे. घासावे आणि भिजवावे, एवढेच. सकाळी पाहिले तर दहातल्या सात बिया फुगून दुप्पट झाल्या होत्या. वरच्या गॅलरीत हे कळवताना माझा आवाज इतका चढला की समोरच्या इमारतीतल्या दोघी-तिघी बाहेर आल्या.

अक्षय तृतीया त्या वर्षी २६ एप्रिलला होती. त्या दिवशी सकाळी मी सात बिया कठड्याजवळच्या मोठ्या कुंडीत लावल्या आणि शेजारच्या पिंपात दोडका लावला. आजीच्या घरी या दिवशी आळे करून काही ना काही वेल लावला जाई आणि वैशाखाच्या झळा सोसलेली रोपे पहिल्या पावसाला सरसावून उठत. तसेच झाले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, त्या दिवशी पुण्यातही वाऱ्याने झाडे पडली. मी कुंड्या भिंतीशी ओढल्या, पण वेल आधीच काकांच्या परडीच्या दोरीला बिलगलेला होता आणि तो सोडवायचा म्हणजे मोडायचा. रात्रभर दोरी वाऱ्यावर आपटत राहिली. सकाळी पाहिले तर दोडक्याची पाने फाटली होती, गोकर्ण मात्र दोरीला तीन वेढे घालून तसाच घट्ट धरून होता. त्यानंतर परडी खाली सोडायची काकांनी बंद केली. आता ती दोरी वेलाची झाली होती.

दोडक्याविषयी जाता जाता सांगते. त्याची पिवळी फुले संध्याकाळी उमलतात. उंच गॅलरीत त्या वेळी कीटक कमी येतात, म्हणून नराचे फूल तोडून त्याचे पराग मादीफुलाला आपल्या हातानेच लावावेत. मादीफुलामागे बोटभर बारीक दोडका असतो, त्यावरून ते ओळखावे. शाळेत परागीभवनाच्या आकृत्या काढून घेण्याऐवजी मुलांना एकदा संध्याकाळी दोडक्याच्या मांडवाखाली न्यावे, असे मला मनापासून वाटते. माझ्या मुलीने त्या जूनमध्ये रोज सहा वाजता हे काम केले आणि आम्हांला चौदा दोडके मिळाले, त्यांतले सहा परडीऐवजी जिन्यातून काकांच्या दारापर्यंत गेले.

आषाढी एकादशी त्या वर्षी १ जुलैला होती. वारी पायी निघाली नाही, संतांच्या पादुका आदल्या दिवशी एसटी बसने पंढरपूरला गेल्या. त्याच आठवड्यात गोकर्णाला पहिली कळी दिसली आणि दुसऱ्या दिवशी फूल उमलले. ते निळे येईल असे मी धरून चालले होते, ते पांढरे निघाले. मी वर हाक मारली. काकांनी त्या दिवशी मार्चनंतर प्रथमच जिना उतरला, आमच्या दारात मास्क लावून, चपला बाहेर काढून ते उभे राहिले आणि गॅलरीत गेले. देवाला वाहण्यासाठी मी फूल खुडायला हात पुढे केला, तसे ते म्हणाले, "नको, पहिलं राहू दे. ती पहिलं फूल कधीच खुडायची नाही, बियांना ठेवायची." पहिल्या जोमाच्या वेलाचे पहिले फळ बियाण्यासाठी राखावे, ही आपल्या शेतकऱ्यांचीही रीत आहे, आणि भाजीच्या वेलावर निदान एक फळ पूर्ण वाळेपर्यंत ठेवावे, असे मी आपल्यालाही सुचवते. निदान एक फळ.

भाद्रपदात शेंग वाळून तपकिरी झाली. ती आपोआप तडकून बी उडून जाण्याआधी काढावी लागते, म्हणून मी रोज सकाळी तिला बोट लावून पाहत असे. एके दिवशी ती खुळखुळली. आत आठ बिया होत्या, तशाच ठिपक्यांच्या आणि टणक. त्या दोन दिवस सावलीत वाळवल्या, राख मिसळली आणि बांधायला माझ्या एका जुन्या ओढणीचा तुकडा घेतला. चिठ्ठीही लिहून ठेवली, नाव आणि महिना घालून, कारण बियाण्यावर नाव हवे, हे मी पाचव्या बशीपासून शिकले होते. काकांना बिया दाखवायला वर गेले तेव्हा त्यांनी चिठ्ठी वाचली, ती ठीक आहे म्हणाले, आणि मग आत जाऊन ते निळ्या काठाचे पांढरे कापड घेऊन आले. ते त्यांनी धुऊन, इस्त्री करून ठेवलेले होते.

"चिठ्ठी असू दे," ते म्हणाले, "पण बांध यातच."